नथ्थूभाऊंनी बोललेलं भरीत

मागचे दोन हिवाळे नथ्थूभाऊ शेतातून घरी येताना चौकातून येत नव्हते. चौक टाळायचा म्हणजे पाटाच्या कडेकडेने जाऊन शाळेच्या मागून वळसा घ्यावा लागतो. डोक्यावर वैरणीचा भारा आणि डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे तो वळसा त्यांना सोपा नव्हता. तरी ते तसेच यायचे. कारण चौकात अभिमनच्या चहाच्या टपरीवर त्यांना रोज एकच प्रश्न विचारला जाई.

"उतरला का?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसे. गावातला मुलगा टीव्हीवरच्या कबड्डीच्या लीगमध्ये गेलेला, तो मॅटवर उतरला का, एवढंच लोकांना हवं असे. पण न्हाव्याकडे, दूध डेअरीवर, फैजपूरच्या बसमध्ये, अगदी मयताला गेलं तिथेही हाच प्रश्न आला की माणूस थकतो. आधी नथ्थूभाऊ थांबून सगळं समजावून सांगायचे. मग नुसती मान हलवायला लागले. पुढे त्यांनी रस्ताच बदलला.

आमचं गाव फैजपूरच्या जवळच, केळीच्या पट्ट्यात. मी गावच्या सोसायटीत सचिव आहे. माझ्या आणि नथ्थूभाऊंच्या घरात एक सामाईक भिंत, त्यामुळे त्यांच्याकडचं बोलणं न ऐकायचं ठरवलं तरी कानावर पडतं. ही हकिगत मला त्या भिंतीमुळे आणि बरीचशी त्यांच्या ओट्यावर बसल्यामुळे ठाऊक आहे.

तरुणपणी नथ्थूभाऊ स्वतः कबड्डी खेळत. यात्रेतल्या सामन्यांत, मातीच्या मैदानावर. चढाई त्यांना कधी जमली नाही. ते कोपऱ्यातले. समोरचा गडी बोनससाठी पाय लांबवायचा आणि नथ्थूभाऊ खाली वाकून त्याचा घोटा धरायचे. हा हात वासरं धरून बसला असं ते सांगत. धरलेला घोटा सुटला, असं फार कमी वेळा झालं. बक्षिसात मिळालेली पितळी घागर अजून त्यांच्या मोरीत आहे आणि सुगंधाबाई तिने पाणी भरतात. गुडघा गेला तो एका तसल्याच सामन्यात. डॉक्टरकडे जायचं म्हणता म्हणता केळीची लागवड आली, आणि राहिलं ते राहिलंच.

नीलेशला त्यांनी अंगणातच शिकवलं. रांगोळीने रेष मारायची आणि स्वतः चढाईला आल्यासारखं करून पाय पुढे टाकायचा. पोराने घोटा धरला की म्हणायचे, "हात खाली. आनखी खाली. मातीले लागू दे हात."

तेव्हा गावात कबड्डीला कोणी विचारत नव्हतं. पोरं आयपीएल बघत आणि खळ्यात टेनिस बॉलने क्रिकेट खेळत. मग टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाली. मॅट आली, दिवे आले, पकड झाली की वाजणारं संगीत आलं. बघता बघता गावातली लहान लहान पोरं मांडीवर थाप मारून शाळेत शिरायला लागली. यात्रेतल्या आमच्या जुन्या सामन्यांचं नाव बदलून प्रीमियर लीग झालं. खतांच्या दुकानदाराचा एक संघ आणि रोपवाटिकेवाल्याचा दुसरा, पाठीवर नावं छापलेल्या बनियनी. नथ्थूभाऊंना या सगळ्याची गंमत वाटायची. पकड केल्यावर पोरगं ओठावर बोट का ठेवतं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मला सांगता आलं नाही.

नीलेश मात्र खरोखर चांगला निघाला. जिल्हा, मग राज्य, मग पुण्यातलं एक शिबिर. आणि एका उन्हाळ्यात त्याला लीगमधल्या एका संघाने लिलावात घेतलं. संघ दूरच्या शहराचा, जांभळ्या कपड्यांचा. आमच्याकडे लिलाव म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे केळीचे घड येतात. सुगंधाबाईंनी तर तोंडावर पदर धरला. त्यांचं माहेर सोनगीर. इतकी वर्षं इकडे काढूनही मन हललं की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. "पोर्याना लिलाव करतस का कोनी?" एवढंच त्या म्हणाल्या. नथ्थूभाऊंनी हसून समजावलं, पण ती समजूत त्यांना पुरती पटली असं मला वाटलं नाही.

त्या दिवशी चौकात फटाके झाले, फलक लागला. फलकावर नीलेशचा फोटो मोठा आणि भोवती गावातल्या सगळ्या होतकरू पुढाऱ्यांचे छोटे. अभिमनने टपरीसमोर सगळ्यांदेखत नथ्थूभाऊंना विचारलं, की भाऊ, तोंड गोड तर झालं, भरीत कधी?

आमच्या भागात भरिताला किती मान आहे हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. नोकरी लागली, नवं घर झालं, सोयरीक जमली की हिवाळ्यात शेतात भरीत होतं. पांढरट हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात आणि तेल. आमच्या गल्लीची रीत अशी, की भरीत ज्याचं कार्य त्याचं आणि पुऱ्या प्रत्येकाने आपल्या घरून तळून आणायच्या. आणि एकदा कोणी चार माणसांत भरीत बोललं, की ते देवाला बोलल्यासारखंच असतं.

नथ्थूभाऊ म्हणाले, "ज्या दिवशी पोरगं मॅटवर पाय ठेवीन, त्या दिवशी गावाले भरीत."

बोलायला एक क्षण लागला. पुढचं सगळं त्या वाक्यामुळे झालं.

पहिल्या हंगामात अभिमनने टपरीसमोर मोठा पडदा लावला. संघाचा सामना असला की गल्ली तिथे जमायची. सामन्याआधी खेळणाऱ्या सात जणांची नावं यायची. त्यात नीलेश नसे. मग बदली म्हणून तरी येईल म्हणून लोक शेवटच्या मिनिटापर्यंत बसत. त्याच्या जागेवर खेळणारा गडी लीगमधल्या नावाजलेल्यांपैकी होता. तो पडल्याशिवाय नीलेशला जागा नव्हती. आणि दुसऱ्याचं पोर पडावं असं उघड म्हणायचं कसं? मनात मात्र सगळ्यांच्या तेच असावं.

सुगंधाबाई पडद्यावर खेळ बघतच नसत. कॅमेरा फिरता फिरता राखीव खेळाडूंच्या बाकावरून क्षणभर जाई, तेव्हा शेवटून दुसरा गुडघा नीलेशचा, हे त्यांनी ओळखून ठेवलं होतं. तेवढा गुडघा दिसला की त्यांचं काम झालं. एकदा सामना संपल्यावर त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोर्या बठ्ठा येय बसेलच शे. त्याले थंडी वाजत व्हई." पोर सगळा वेळ नुसतं बसून असतं, याचीच त्यांना काळजी.

पहिला हंगाम तसाच गेला. दुसराही. दुसऱ्या वर्षी पडद्यासमोरची गर्दी पातळ झाली आणि थट्टा वाढली. मोबाइलवर आपापला संघ निवडायचा खेळ पोरं खेळतात, त्यात न खेळणारा गडी घेतला तर फुकट जातो. अभिमन दर वेळी नीलेशला घ्यायचा आणि दर वेळी हरायचा. "भाऊ, तुमच्या पोरापायी मी गावात शेवटचा आलो," असं तो नथ्थूभाऊंना ऐकवी. त्यात प्रेम होतं. पण कोणी म्हणे, पाणी द्यायलाच घेतलंय का त्याला. कोणी म्हणे, नथ्थूभाऊ, वांगी जून झाली हो. शेताच्या कडेला भरिताच्या वांग्यांचा एक तुकडा ते दर वर्षी मुद्दाम लावत होते, आणि दर वर्षी ती वांगी सावद्याच्या बाजारात जात होती.

हेही चाललं असतं. खरी अडचण वेगळी होती. नीलेश घरी येईनासा झाला होता. पहिल्या हंगामानंतर तो चार दिवस येऊन गेला, तेव्हा चौकात त्याला हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की तिसऱ्या दिवशी तो घराबाहेर पडला नाही. त्यानंतर दिवाळी आली, अक्षयतृतीया आली, बहिणीच्या, म्हणजे भूमिकाच्या, मुलीचं बारसं झालं. प्रत्येक वेळी सराव आहे, शिबिर आहे. एकदा फोनवर तो वडिलांना स्पष्ट बोलला, की एकदा खेळलो की मग येतो, तोवर नको. मग भिंतीपलीकडून सुगंधाबाईंचा आवाज आला, "नही खेयना तरी चाली. घर ये म्हना त्याले." न खेळताही घरी ये, हे नथ्थूभाऊंनी फोनवर सांगितलं नाही. पोराची उमेद आपणच कशी मोडायची, असं ते मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. त्यांचा चेहरा फार दमलेला दिसत होता.

तिसरा हंगाम सुरू झाला तेव्हा पडदा लावायचा की नाही यावर अभिमनच विचारात पडला होता. पण पौषात बातमी आली, की नीलेशच्या जागेवरच्या त्या नावाजलेल्या गड्याचा गुडघा दुखावला आहे. पुढच्या सामन्याला तो पट्टी बांधून उतरणार आणि फार टिकणार नाही, असं मोबाइलवर सगळीकडे आलं. गल्लीत एकदम जान आली. सामन्याच्या दिवशी सकाळीच चार-सहा जण नथ्थूभाऊंच्या ओट्यावर. त्यांचं म्हणणं एकच, की आज उतरणार, वांगी काढा.

नथ्थूभाऊ तयार नव्हते. आधी उतरू द्या, भरीत उद्या करू, असं त्यांनी सांगून पाहिलं. पण "त्या दिवशी" असा शब्द गेला होता, आणि तो त्यांचाच होता. शेवटी ठरलं, की वांगी काढून ठेवायची, काड्या रचून ठेवायच्या, पण नीलेशचा पाय मॅटवर पडल्याशिवाय काडी लावायची नाही.

संध्याकाळी टपरीशेजारच्या मोकळ्या जागेत काड्यांचा लांब ढीग रचला होता, बाजूला वांग्यांच्या पाट्या. बायकांनी पुऱ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. थंडी चांगली होती. नथ्थूभाऊ गुडघ्यामुळे खुर्चीवर आणि सुगंधाबाई शेजारी पोत्यावर बसल्या होत्या. मी मागे उभा होतो.

पहिल्या सात जणांत नीलेशचं नाव नव्हतं, ते अपेक्षितच होतं. पट्टीवाला गडी खेळत होता. उत्तरार्धात एका पकडीत तो खाली गेला आणि उठेना. कॅमेरा बाकाकडे वळला. शेवटून दुसरा मुलगा उभा राहिला. त्याने जॅकेट काढलं, पाय झटकले, मान दोन्ही बाजूंना फिरवली. प्रशिक्षकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानात काही सांगितलं. आणि समालोचकाने त्याचं नाव घेतलं. तीन हंगामांत पहिल्यांदा. आमच्या गल्लीतलं नाव त्या मोठ्या आवाजात आलं, तेव्हा लोक ओरडायचंसुद्धा विसरले.

अभिमनने काडी लावली.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने लावली नसती तर दुसऱ्या कोणी लावली असती. कपाशीच्या काड्या वाळलेल्या, जाळ एकदम उभा राहिला आणि जाळ झाला म्हणून हातांनी आपोआप वांगी टाकायला सुरुवात केली. पडद्याकडे पाठ करून निम्मे लोक आगीभोवती. भरीत भाजणारा माणूस नजर दुसरीकडे ठेवू शकत नाही, वांगी फिरवावी लागतात.

नथ्थूभाऊ मात्र पडद्याकडेच बघत होते, त्यामुळे ते त्यांना पहिल्यांदा कळलं. खाली पडलेला गडी उठून बसला होता. कोणीतरी त्याच्या गुडघ्यावर फवारा मारत होतं. त्याने उभं राहून पाय टेकवून पाहिला आणि प्रशिक्षकाकडे हाताने खूण केली, खेळतो. प्रशिक्षकाने मान डोलावली. रेषेच्या बाहेर उभा असलेला नीलेश अजून थोडा वेळ तसाच उभा होता. मग मागे गेला, जॅकेट घातलं आणि शेवटून दुसऱ्या जागेवर बसला.

सामना पुढे चालू झाला. आगीजवळ कोणीतरी अजून हसत होतं. त्याला शेजारच्याने हात लावून गप्प केलं.

वांगी अर्धी भाजली होती. त्यांची सालं काळी पडून फुटायला लागली होती. कोणी म्हणालं, काढा बाहेर. काढून काय करणार, असं दुसऱ्याने विचारलं. अर्धं भाजलेलं वांगं बाजारात जात नाही आणि उद्यापर्यंत राहत नाही. पाय तर मॅटवर पडला नाही, मग हे भरीत कशाचं? अभिमन आगपेटी हातात धरून उभा होता, त्याला ती खिशात ठेवायचं सुचत नव्हतं. सगळे नथ्थूभाऊंकडे बघत होते आणि नथ्थूभाऊ पडद्याकडे.

सुगंधाबाई पोत्यावरून उठल्या. आगीपाशी गेल्या, काठीने एक वांगं ओढून घेतलं, देठाला धरून ताटात ठेवलं आणि पाण्यात बोटं बुडवून सोलायला बसल्या. कोणाकडे न बघता म्हणाल्या, "फिरवा ना ती वांगी. एका बाजूनं जळू राह्यली."

मग बाकीच्या बायका बसल्या. कढया चढल्या. सामना संघाने जिंकला की हरला, ते मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

गाव जेवलं. एवढं शांत भरीत मी आयुष्यात खाल्लं नाही. चव मात्र उत्तम होती. थंडीतली शेवटची वांगी गोड असतात. वाढणारे वाढत होते, खाणारे पुन्हा मागत होते. अभिमनने नथ्थूभाऊंच्या पानात आणखी वाढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, माझी घाई झाली." नथ्थूभाऊंनी मान हलवली आणि कांद्याची पात मागितली.

भांडी विसळून होत होती तेव्हा त्यांचा फोन वाजला. कोणीतरी नीलेशला आगीचा फोटो आधीच पाठवला होता. आवाज मोठा ठेवायची नथ्थूभाऊंना सवय आहे, त्यामुळे पलीकडचंही आम्हा तिघा-चौघांना ऐकू आलं.

"आबा, तुम्ही वांगी भाजून टाकली?"

"भाजली. सगळं गाव जेवलं."

"आबा, मी उतरलो नाही."

"पाह्यलं मी."

"मग आता लोकं काय म्हणतील?"

"काय म्हनतीन? जेवले ते. ज्यानं खाल्लं त्याले पुन्हा इचारता येत नही." मग ते म्हणाले, "मी बोललो व्हतो, मी फेडलं. तुह्या डोक्यावर काही नही आता. तुले खेळाचं तं खेळ. बसाचं तं बस. पन घरी येत जाय. तुही माय तुहा गुडघा पाहून दिवस काढू राह्यली."

नीलेश रडत होता की नाही, ते कळलं नाही. तो फक्त म्हणाला, की बरं. फोन ठेवल्यावर नथ्थूभाऊ खुर्चीवरून उठायला लागले आणि त्यांना उठता येईना. मी हात दिला. अंगाने ते हलके माणूस, पण त्या दिवशी जड लागले.

नीलेशचा संघ बाद फेरीपर्यंत पोचला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात तो भुसावळला उतरून बसने गावी आला. चौकातच उतरला. टपरीवर अभिमन होता, आणखी चौघे होते. मी सोसायटीच्या पायरीवरून बघत होतो. प्रश्न कोणीच विचारला नाही. अभिमनने चहा पुढे केला आणि म्हणाला, भरीत उरलं नाही रे, तुझ्या बापाने सगळं वाढून टाकलं. नीलेश हसला आणि त्याने चहा घेतला. पुढच्या लिलावात त्याला कोणी घेईल का, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, आज हे लिहितानाही मला माहीत नाही. तूर्त तो सकाळी वडिलांबरोबर केळीच्या बागेत जातो आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पळतो. नथ्थूभाऊ परत चौकातून यायला लागले आहेत. चालणं पूर्वीपेक्षा मंदावलं आहे.

लीगचा अंतिम सामना आम्ही त्यांच्या घरी पाहिला. दोन्ही संघ परके, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. नथ्थूभाऊ भिंतीला टेकून बसले होते आणि मध्येच त्यांचा डोळा लागत होता. नीलेश आईच्या शेजारी जमिनीवर. एकदा कॅमेरा बाकावरून फिरला. सुगंधाबाई सवयीने पुढे सरकल्या. सगळ्यात शेवटी एक सडपातळ मुलगा हात मांड्यांखाली घालून बसला होता.

"तो कोना पोर्या शे?" त्यांनी विचारलं.

नीलेशने नाव सांगितलं. सांगलीकडचा आहे, म्हणाला, दुसरं वर्ष आहे त्याचं.

"उतरना का?" असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, मला ते दिसलं. त्या थांबल्या. मग नीलेशचा गुडघा हाताने चाचपून म्हणाल्या, की पाय आखडला असेल, लांब कर. आणि पुन्हा पडद्याकडे बघत बसल्या. कॅमेरा आणखी एकदा त्या बाजूला कधी जातो, त्याची वाट बघत.